वीस दिवसांचं पाणी

आमच्या वस्तीत सगळ्यात मोठा आवाज बाना पुलेचा. पलीकडच्या बेटावर कुणाचं पातेलं करपायला लागलं की ती इकडून ओरडून सांगायची, आणि तिकडची बाई धावत जाऊन झाकण काढायची. अशा बाईला अभयारण्याच्या ऑफिसने गप्प बसायची नोकरी दिली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

बाना पुले म्हणजे पुलेची आई. आमच्याकडे मूल झालं की माणसाचं आधीचं नाव मागे पडतं. बाईची बाना होते, बाप्याचा बाशी. ती माझ्या आईची धाकटी बहीण, आणि आईची बहीण म्हणजे आईच, म्हणून मी तिला मायो म्हणते. तिचं जेवण होडीतून पोचवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

बांग्वेउलूच्या दलदलीत, वस्तीपासून तासाभराच्या वाटेवर, लव्हाळ्यांच्या मधोमध एक डोह होता आणि डोहात ‘म्हाताऱ्या’चं घरटं. बाहेरचे लोक त्या पक्ष्याला शूबिल म्हणतात. माणसाच्या छातीला लागेल इतका उंच, थंड राखेच्या रंगाचा, आणि तोंडावर कुणीतरी लाकडी जोडा उलटा बसवल्यासारखी चोच. तो उभा राहिला की उभाच राहतो. आपण होडीतून येऊन, जाळं टाकून, भांडून, समेट करून परत जातो, तरी तो तिथेच. नर आहे की मादी हे आम्हाला लांबून कळत नाही. दोघंही म्हातारेच.

मायोचं काम एवढंच, की घरट्यापासून शंभर पावलांवर लव्हाळी तुडवून केलेल्या तराफ्यावर बसायचं आणि कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही. ना पिल्लं चोरणाऱ्यांना, ना गवत पेटवणाऱ्यांना, ना फोटोवाल्यांना. आणि ओरडायचं नाही. वनरक्षक चिलेशेने तिला एक दुर्बीण दिली आणि एक नियम दिला.

“हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, मदत करायची नाही. फक्त राखायचं.”

“मदत करायची नाही म्हणजे?”

“म्हणजे जे होईल ते बघायचं.”

पिल्लं दोन होती. मोठं आधी मोठं झालं आणि धाकट्याला चोच मारून कडेला ढकलायला लागलं. म्हाताराही पाणी आणायचा ते मोठ्याच्याच अंगावर ओतायचा. धाकटं उन्हात पडून राहायचं. मायोने हे चार दिवस दुर्बिणीतून पाहिलं. पाचव्या दिवशी मी जेवण घेऊन गेले तर ती पाठ करून बसली होती.

“गेलं,” ती म्हणाली.

“मायो, शंभर पावलं तर होती. उचलून आणायचंस ना.”

“मदत करायची नाही,” ती म्हणाली, आणि उब्वालीचा गोळा हातात तसाच धरून बसली. कसाव्याचा गोळा गार झाला, दगडासारखा झाला, तरी तिने तोंडात घातला नाही.

त्या दिवसापासून उरलेलं पिल्लू तिचं झालं. ऑफिसचं नाही, अभयारण्याचं नाही, तिचं.

सप्टेंबर लागला, आमच्याकडचे कोरडे, तापते दिवस; पाऊस अजून दोन महिने लांब. ऊन असं की पाण्यावर डोळा ठरेना. पिल्लू जवळजवळ म्हाताऱ्याएवढं झालं होतं, पण पंख अजून उघडता येत नव्हते, नुसते लटकायचे. चिलेशे वही घेऊन आला, त्याने डोहात खोचलेल्या बोरूच्या काडीवरचं पाणी बघितलं आणि कपाळ चोळलं.

“वीस दिवस लागतील उडायला,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय, पाणी कमी होतंय. भोवती पाणी आहे तोवर घरटं सुरक्षित. चिखल झाला की तरस चालत येईल. त्याला होडी लागत नाही.”

पाणी कमी होणारच होतं, दर वर्षी होतं. पण ते किती झटकन जाणार हे देवाच्या हातात नव्हतं, बाशी कापेसोच्या हातात होतं. डोहाच्या खालच्या अंगाला त्याचा मातीचा बांध होता. तो त्याला मामाकडून आलेला, मामाला त्याच्या मामाकडून. दर वर्षी पाणी उतरायला लागलं की बाशी कापेसो बांधाला नऊ ठिकाणी खांडी पाडायचा, प्रत्येक खांडीत वेताच्या टोपल्या लावायचा, आणि पाण्याबरोबर निघालेला मांगूर मासा टोपल्यांत शिरायचा. दोन दिवसांत डोह रिकामा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा त्याचं सबंध घर त्याच सुकवलेल्या मांगुरावर जगायचं.

“तुम्ही त्याला हुकूम करा ना,” मायो चिलेशेला म्हणाली.

“बांध जुन्या हक्काचे. त्यात आम्ही बोलू शकत नाही.”

“मग मी बोलते.”

“शांतपणे बोला हं, बाना पुले.”

“त्याच्याशी?” मायो हसली. “त्याच्याशी शांतपणे बोललं तर त्याला वाटेल मी आजारी आहे.”

कारण बाशी कापेसो मगर कुळाचा आणि आम्ही मासा कुळाचे. मगर मासा खाते, म्हणून या दोन कुळांत आजोबा-पणजोबांपासून चेष्टेचं नातं आहे. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, एकमेकांची वस्तू डोळ्यांदेखत उचलून न्यायची, आणि रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, त्याने दंड भरायचा. एकमेकांच्या मयतालाही हे चेष्टेचे नातलगच पुढे. त्यांच्यातलं कुणी गेलं की खड्डा आम्ही खणायचा, आणि खणताना मेलेल्याची टिंगल आम्हीच करायची. वस्तीत मायो सगळ्या बाप्यांना अहोजाहो करते, त्याला मात्र अरेतुरे.

आम्ही गेलो तेव्हा तो बांधावर बसून माती थापत होता.

“ए मगरतोंड्या!” मायोने होडीतूनच हाक मारली. “जिवंत आहेस का? मी तर फावडं धुवून ठेवलं होतं तुझ्यासाठी!”

“ये, ये, शेपटे!” तो ओरडला. “घरात तेल नाही म्हणून वाचलीस, नाहीतर आजच तळली असती!”

“माझ्यात काटे फार. दात पडतील तुझे. आहेत का अजून?”

“दोन आहेत. तुझ्यासाठीच जपून ठेवलेत.”

असं बराच वेळ चाललं. मी हसून हसून वल्हं पाण्यात पाडलं. मग मायो म्हणाली, “वीस दिवस पाणी सोडू नकोस.”

“कुणासाठी?”

“पिल्लासाठी.”

“तुझ्या त्या जोडेतोंड्याच्या? आणि माझी सात पिल्लं आहेत त्यांचं?”

“तुझी पिल्लं चालतात, बोलतात, चोऱ्या करतात. माझ्याला अजून उडता येत नाही.”

तो हसला. मग त्याने हाताची माती पाण्यात धुतली आणि म्हणाला, “बाना पुले.”

त्याने नाव घेतलं की चेष्टा संपली, हे मलासुद्धा ठाऊक होतं.

“पाणी उतरतं तेव्हाच मांगूर उतरतो,” तो म्हणाला. “वीस दिवसांनी अर्धा मासा चिखलात शिरलेला असेल, अर्धा बगळ्यांच्या पोटात. शनिवारी मी खांडी पाडणार. पक्ष्यावर माझा राग नाही. पण पाडणार.”

परतलो तशी मायो तराफ्यावर उतरली, दुर्बीण लावली. पिल्लू मान लोंबवून उभं होतं. ती तशीच बघत म्हणाली, “चोंगो, उद्या दोन होड्या आण.”

“कशाला?”

“लुटायला.”

बुधवारी भर दुपारी आम्ही बांधावर गेलो. चाळीस टोपल्या, एकात एक घालून, उन्हात वाळत ठेवलेल्या. चेष्टेतली लूट लपूनछपून करायची नसते, नाहीतर ती चोरी होते. म्हणून मायोने आधी छाती भरून श्वास घेतला आणि दोन महिन्यांची सगळी कोंडलेली हाळी एकदम सोडली.

“अहोऽऽ, ऐका होऽऽ! माशाने मगरीचं घर लुटलंऽऽ! या, बघायला याऽऽ!”

बगळ्यांचे थवेच्या थवे उठले. पलीकडे पाण्यात चरणारी लेचवे हरणं, हजारभर तरी असतील, एकदम उधळली, आणि त्यांच्या खुरांनी पाणी असं उडालं की क्षणभर पांढरी भिंत उभी राहिली. बाशी कापेसो झोपडीतून बाहेर आला, पाहिलं, आणि तिथेच मांडी घालून बसला. हसू आवरेना त्याला.

“सगळ्याच नेतेस?”

“सगळ्याच. ये की सोडवायला. राग आला का?”

“छे, छे! मला कशाला राग? मग मी काय नेऊ तुझं?”

“ने काय हवं ते.”

त्याने आमच्याबरोबर येऊन तराफ्यावरून तिचं पातेलं नेलं आणि तिची होडी नेली. आता तिला तिथून हलताच येईना. जाताना तो म्हणाला, “बस आता बेटावर. मासा, आणि पोहता येत नाही!” मायो टोपल्यांच्या ढिगावर बसली होती, राणीसारखी. इतकी खूश मी तिला मावसोबा गेल्यापासून पाहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी गावप्रमुख मुकुपांचं बोलावणं आलं. चिलेशे तराफ्यावर राखणीला बसला आणि मी मायोला आणायला गेले. वाटलं, मुकुपांनाही हसायचं असेल. पण झाडाखाली बाशी कापेसोची बायको, बाना कापेसो, बसली होती आणि ती हसत नव्हती. बारीक, सावकाश बोलणारी बाई. बाशी कापेसो तिच्या मागे मान खाली घालून उभा होता.

“चाळीसमधल्या अठरा टोपल्यांच्या काठाला लाल दोरा आहे,” ती म्हणाली. “बघितला का?”

मायो म्हणाली, “बघितला. मला वाटलं शोभेचा.”

“त्या माझ्या भावाने विणल्या. तो शहरात गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. त्या कापेसोच्या बापाच्या नाहीत. मगरीच्या नाहीत. आमच्या आहेत. आम्ही पाऊस कुळाचे.”

मुकुपांनी नाकाला तपकीर लावली, रुमालाने पुसलं.

“बाना पुले, मासा आणि मगर यांची चेष्टा मला ठाऊक आहे. मासा आणि पाऊस यांची चेष्टा तुम्ही कधी ऐकलीत?”

“नाही, मुकवाय,” मायो म्हणाली. मोठ्यांशी बोलताना आम्ही हाच शब्द जोडतो, पण तिच्या तोंडून तो इतक्या बारीक आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

“चेष्टेचं नातं नसताना, दुसऱ्याची वस्तू न विचारता नेली, तर त्याला काय म्हणायचं?”

तिनेच म्हणायचं होतं ते. मुकुपा थांबून राहिले. मी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होते.

“चोरी,” मायो म्हणाली.

“उद्या अठरा टोपल्या परत. बाकीच्या बावीस तुमच्या-त्यांच्यातला खेळ, त्यात मी पडत नाही.”

बाशी कापेसोला तेवढ्यात हिशेब सुचला. “नऊ खांडी, प्रत्येकी दोन! अठरा पुरतात मला!” असं म्हणून तो टाळी मारायला गेला, पण मायोचा चेहरा पाहून त्याने हात खाली घेतला.

बाना कापेसो म्हणाली, “मीच जाईन आणायला. माझ्या डोळ्यांनी बघून घेईन.”

शुक्रवारी मी तिला घेऊन निघाले. ती होडीच्या पुढच्या टोकाला पाठ ताठ करून बसली. मी म्हटलं, ऊन फार आहे. तिने हूं केलं. मी म्हटलं, ती बघा लेचवे. ती म्हणाली, “रोजची आहेत.” मग मी वल्ह्याशीच बोलत राहिले.

तराफ्यावर मायो उभी होती. लाल दोऱ्याच्या अठरा टोपल्या तिने वेगळ्या काढून, धुवून, ओळीत लावून ठेवल्या होत्या. बाना कापेसो उतरली, पहिल्या टोपलीला तिने हात घातला, आणि मायोने एकदम तिचा दंड धरला.

“हलू नका. आला.”

आणि तो आला. आधी सावली आली. ती पाण्यावरून, लव्हाळ्यांवरून, आमच्या तिघींवरून गेली, आणि तेवढा क्षण अंगाला गार वाटलं. एवढे मोठे पंख, पण आवाज नाही. म्हातारा डोहाच्या कडेला उतरला, उभा राहिला. मायोने दुर्बीण बाना कापेसोच्या हातात दिली. तिने ती उलटी धरली.

“काहीच दिसत नाही. मुंगीएवढा आहे.”

“उलटी धरलीत.”

तिने सुलटी केली, आणि मागे सरकली. तो पक्षी एकदम तिच्या तोंडासमोर आला असावा.

“डोळे आहेत याला!” ती कुजबुजली.

“असतात.”

“नाही, पण... बघतोय माझ्याकडे.”

म्हाताऱ्याने मान वाकवली, ती मोठी चोच पाण्यात बुडवली, बराच वेळ तशीच ठेवली, आणि मिटून वर काढली. चोचीच्या कडेने पाणी गळत होतं. तो पंख पसरून उचलला गेला आणि घरट्यावर उतरला. पिल्लू उन्हाने अर्धमेलं होऊन बसलं होतं, तोंड उघडं, गळा धापत होता. म्हातारा त्याच्यावर उभा राहिला. उन्हाकडे पाठ केली, सावली पिल्लावर पाडली. मग सावकाश, जराही घाई न करता, त्याने चोच उघडली आणि पाणी पिल्लाच्या डोक्यावर ओतलं. मानेवर ओतलं. शेवटचा थेंब पाठीवर.

पाणी पडताना उन्हात चमकलं. मी ते त्याआधी वीसेक वेळा पाहिलं असेल. पण त्या दुपारी दुर्बीण माझ्या डोळ्याला नव्हती, मी बाना कापेसोच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते पाणी जणू तिथे पडलं. तिचा जबडा सैल झाला.

म्हातारा परत गेला, चोच बुडवली, परत आला, ओतलं. परत गेला.

“किती वेळा?” तिने विचारलं.

“ऊन कलेपर्यंत. काल अकरा वेळा.”

“न थांबता?”

“मध्ये चोच वाजवतो. दमत असेल.”

“आणि पाणी कुठून...” ती बोलता बोलता थांबली. तिने दुर्बीण खाली केली आणि नुसत्या डोळ्यांनी डोहाकडे बघितलं. ती इथेच जन्मलेली, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा डोह, हा बांध, उद्याचा शनिवार.

तिघी तशाच उभ्या होतो. पाय पाण्यात, डोक्यावर ऊन. लांब करकोच्यांचा आवाज. इतकी वर्षं आम्ही या पाण्यावर जगतो, त्यातून मासे काढतो, त्यात मुलं धुतो, त्याला शिव्या देतो, आणि हा पक्षी तेच पाणी चोचीत धरून नेतो, गळून उरेल तेवढं पोचवतो. माझ्या अंगावर काटा आला, उन्हात.

शेवटी मायो बोलली. “मी तुमची चोरी केली. शिव्या द्या मला.”

“शिव्या आपल्यात चालत नाहीत,” बाना कापेसो म्हणाली. “मी मगर नाही. मला तुमच्यावर खरा राग येऊ शकतो, आणि आलाय.”

“हो.”

“अजून गेलेला नाही.”

“नको जाऊ दे,” मायो म्हणाली.

बाना कापेसोने एकेक टोपली उचलली, काठ चाचपला, होडीत ठेवली. अठराच्या अठरा. मायोने मदत केली नाही, ती घरट्याकडे तोंड करून बसली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती उद्याचं पाणी मोजतेय.

आम्ही थोडं पुढे आलो आणि मी होडी बांधाकडे वळवली.

“तिकडे नको,” बाना कापेसो म्हणाली. “नदीच्या मोठ्या पात्राकडे घे.”

“पण तिथे मासा कुठे आहे?”

“थोडा आहे. मला माहीत आहे किती आहे ते.”

“आणि बाशी कापेसोंना काय सांगणार?”

“सांगेन, टोपल्या माझ्या भावाच्या. त्या कुठे लावायच्या ते मगरीने सांगायचं नाही.” मग थोड्या वेळाने, “आणि त्या बाईला सांग, वीस दिवस. एकविसावा नाही. माझ्या घरातपण तोंडं आहेत.”

मी निरोप पोचवला, आणि मायोने उलट शब्द पाठवला, एकविसावा मागणार नाही. टोपल्यांशिवाय खांडी पाडून काय करणार? बाशी कापेसोने बायकोशी दोन दिवस भांडण केलं, तिसऱ्या दिवशी गप्प बसला. मोठ्या पात्रात रोज टोपलीच्या बुडाला चार-पाच मासे यायचे. त्यातलं मी कधीकधी मायोला सांगायचे. ती म्हणायची, “नको सांगूस,” आणि मग, “किती म्हणालीस?”

बाशी कापेसो रोज तराफ्याच्या थोडं लांब होडी उभी करून मायोला शिव्या द्यायला यायचा, पण शिव्या कुजबुजत द्याव्या लागायच्या. “शेपटे... सडकी शेपटे... ऐकू येतंय का?” मायो कुजबुजायची, “मगरतोंड्या... जरा मोठ्याने... चव येत नाही.” मग दोघं दुर्बीण एकमेकांकडे द्यायचे. एकदा मी गेले तर ते शिव्या द्यायचे विसरूनच गेले होते. पिल्लू पहिल्यांदा दोन्ही पंख पूर्ण उघडून उभं होतं, वारा पंखांत शिरत होता, आणि ते स्वतःच घाबरून स्वतःच्या पंखांकडे बघत होतं.

पाणी तरी कमी होतच होतं. सतराव्या दिवशी डोहाच्या एका कडेला चिखल उघडा पडला आणि सकाळी त्यात तरसाच्या पावलांचे ठसे सापडले. चाळीस पावलं आत येऊन परत गेलेले. त्यानंतर मायो दिवसासुद्धा बसली नाही. काठी घेऊन उभीच.

विसावा दिवस गेला. पिल्लू उडालं नाही.

एकविसाव्या सकाळी तिने मला बावीस टोपल्या होडीत भरायला लावल्या.

“मायो, दोन-तीन दिवसच तर...”

“शब्द दिलाय.”

“मागून तर बघ.”

“तिने तिच्या पोटातले वीस दिवस दिलेत. मी एकविसावा कुठल्या तोंडाने मागू?”

बांधावर नवराबायको दोघंही होते. बाना कापेसोने तिच्या अठरा आणून ठेवल्या होत्या. मायोने बावीस टोपल्या बाशी कापेसोसमोर उतरवल्या, फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. एक चेष्टा नाही, एक शिवी नाही. तो गोंधळला. त्याने बायकोकडे बघितलं. बाना कापेसो डोहाकडे बघत होती. तिथे लांबवर राखी रंगाचा एक ठिपका उभा होता.

बाशी कापेसोने फावडं खाली ठेवलं आणि टोपल्या उलटसुलट करायला लागला.

“ही फाटलीय,” तो म्हणाला.

“कुठे फाटलीय?” मायो म्हणाली. “मी एकेक बघितलीय!”

त्याने टोपली जमिनीवर ठेवली, तिच्यात टाच घातली, आणि दाबली. वेत तडकला.

“ही बघ. इथे. फाटकी टोपली मी लावत नसतो. लुटायला येतं, सांभाळायला येत नाही? जा, नीट करून आण.”

मायो बघतच राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला आणि तिने ठेवणीतला आवाज काढला. “अरे मेल्या मगरीच्या! उद्या आणते. आणि तुझा तो दात पाडते!”

“उद्या आण. उद्या दुसरी फाटलेली असेल.”

बाना कापेसोने तिच्या टोपल्या उचलल्या आणि मोठ्या पात्राकडे निघाली. पण जाताना म्हणाली, “उद्याच्या पुढे गेलात तर गाठ माझ्याशी आहे, लक्षात ठेवा.”

दुसऱ्या दिवशीही एक टोपली फाटली. त्या दिवशी तिघांनीही, न ठरवता, तराफ्यावरच दुपार काढली. मी होतेच. ऊन कलायला लागलं तेव्हा म्हातारा आला, पण चोचीत पाणी नव्हतं. घरट्यावर उतरला नाही, डोहापलीकडच्या चिखलात उभा राहिला आणि त्याने चोच वाजवली. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज, डोहभर. पिल्लाने मान वर केली. दोन पावलं घरट्याच्या काठावर आलं. पंख उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

मायोने माझा हात धरला आणि माझी बोटं चिरडली.

ते पडलंच, खरं तर. पाय सुटले आणि पिल्लू घरट्यावरून खाली आलं, पाण्याला टेकणार इतकं खाली, आणि मग ते भलेमोठे पंख एकदा हलले. फक्त एकदा. आणि पाणी त्याला लागलं नाही. ते पाण्यावरून गेलं, लांब पाय मागे लोंबत, त्याची सावली त्याच्या खालून पळत. पलीकडे उतरताना ते चिखलात नाकावर आपटलं. उठलं. म्हाताऱ्याच्या शेजारी उभं राहिलं. आणि मग दोघंही हलेनात.

बाशी कापेसोने नाक शिंकरलं. बाना कापेसोच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसायचं मनावर घेतलं नाही.

“चला,” ती म्हणाली. “उजेड आहे अजून.”

पहिली खांड मायोने पाडली. बाशी कापेसोने फावडं पुढे केलं होतं, पण तिने हातांनीच माती उकरली, ओली, काळी, तीन पिढ्यांची थापलेली माती. बारीक धार सुटली, मग हाताएवढी, मग पाण्याने स्वतःच काठ खाल्ला आणि लोंढा निघाला. मायो मांड्यांपर्यंत पाण्यात उभी होती.

“उभी काय राहिलीस, शेपटे?” बाशी कापेसो ओरडला. “टोपली धर!”

तिने लाल दोऱ्याची टोपली घेतली, खांडीत घातली आणि पाय रोवून दाबून धरली. पहिला मांगूर येऊन वेतावर धडकला तेव्हा बाना कापेसोने तिच्या शेजारी उतरून टोपलीचा दुसरा काठ धरला.